एक्केचाळीस ठिकाणी फीबी

११ जानेवारी १९१०, मंगळवार

चौदा वर्षांपूर्वी मी ऑरिन हॅस्केलशी लग्न केलं. सोबत तुझं नावही कायमचं पुसलं जाणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी निदान दोन दिवस विचार केला असता.

बॉस्टनहून प्रकाशकांचं पत्र आलं. माझं पुस्तक, ‘एका खिडकीचं घर’, सप्टेंबरात निघणार. एवढी बातमी मी उभ्याने वाचली. तिसऱ्या परिच्छेदाला मात्र खाली बसावं लागलं. व्हिटलॉकसाहेब लिहितात, “मुखपृष्ठावर ‘मिसेस ऑरिन हॅस्केल’ असं नाव घालावं असा आमचा विचार आहे. त्यामुळे गृहिणींना विश्वास वाटतो.”

मासिकात माझ्या सहा गोष्टी आल्या त्या ‘ए. पी. हॅस्केल’ या नावाने. वाचकांची पत्रं यायची ती ‘प्रिय महाशय’ म्हणून. म्हणजे तीन वर्षं मी पुरुष होते, आता पुरुषाची बायको होणार. लग्नाआधीची अडेला प्रुइट कधी होणार, ते साहेबांनी कळवलेलं नाही.

जेवताना ऑरिनला पत्र वाचून दाखवलं.

“माझ्या नावात वाईट काय आहे?” तो म्हणाला. “लाकडाच्या वखारीवर वीस वर्षं लटकतंय. अजून एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.”

“मग पुस्तकही वखारीतच विक. फळ्यांच्या शेजारी ठेव.”

तो हसला आणि त्याने आणखी बटाटे वाढून घेतले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण बटाट्यांपुढे कोण बघतो.

थर्झा इस्त्री करत होती. थर्झा म्हणजे ऑरिनची थोरली बहीण. वय चोपन्न, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री हा गावचा नियम, आणि आमच्या घरात मंगळवार हा माझ्या लिखाणाचाही दिवस. कारण थर्झा तरुणपणी एकटी दूर पश्चिमेला, डाकोटाच्या माळरानात गेली होती. तिने सरकारकडून जमीन घेतली आणि गवताळ ढेकळं रचून बांधलेल्या घरात सहा वर्षं काढली. त्याबद्दल ती एरवी चकार शब्द बोलत नाही. हातात इस्त्री असली की बोलते. चुलीवर तीन इस्त्र्या तापत असतात. एक गार झाली की ती दुसरी आणायला जाते, तेवढा वेळ गोष्ट थांबते आणि मी पेन्सिलीला टोक करून घेते. अशा मंगळवारांतून माझं पुस्तक झालं. “माल तुझा, कारागिरी माझी,” असं मी एकदा तिला म्हणाले होते. “हो का,” म्हणाली आणि कॉलर उलटली.

आज म्हणाली, “एका नावासाठी एवढी चिडलीस?”

“चिडू नको? नाव म्हणजे अख्खा माणूस असतो.”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “ते खरं,” म्हणाली.

१ फेब्रुवारी, मंगळवार

बॉस्टनला साफ कळवलं. ‘अडेला प्रुइट’ छापा, नाहीतर हस्तलिखित परत पाठवा. पाकीट चिकटवताना मनात आलं, परत पाठवलं तर? चाळिशीला आलेल्या, वखारवाल्याच्या बायकोला दुसरा प्रकाशक कोण देणार? पण आता मागे हटायचं नाही. माझ्या आईच्या थडग्यावरसुद्धा ‘ई. जे. प्रुइट यांची पत्नी’ एवढंच कोरलेलं आहे. मी मरेपर्यंत तिचं नाव लक्षात ठेवीन, पुढे कोण ठेवणार?

थर्झाने आज भलतंच काढलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण डाकोटातल्या तिच्या शेजारणीवर आहे. ती बाई एकटी, नवरा नाही. जानेवारीच्या हिमवादळात तिला मुलगी झाली आणि नऊ दिवस जगली. जमीन गोठलेली, कुदळ चालेना. म्हणून पोरीला साबणाच्या खोक्यात घालून बाहेर बर्फात ठेवलं, आणि एप्रिलात घराच्या एकुलत्या एका खिडकीखाली पुरलं. मी लिहिलेलं सगळ्यांत चांगलं काही असेल तर ते हे प्रकरण.

“त्यातलं पोरीचं नाव बदलशील?” थर्झा म्हणाली.

“फीबी? का?”

“बदल. हेस्टर कर. काहीही कर.”

“हेस्टर म्हटलं की पानात जीवच राहत नाही. फीबी हाक मारण्यासारखं नाव आहे. आणि ती शेजारीण थोडीच वाचायला येणार आहे?”

“नाही,” थर्झा म्हणाली. “ती येणार नाही.”

ती इस्त्री बदलायला गेली. परत आल्यावर ऑरिनच्या रविवारच्या शर्टाची कॉलर करपवली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

व्हिटलॉकसाहेबांनी मधला मार्ग काढला आहे, ‘मिसेस अडेला हॅस्केल’. मी काय बाजारात घासाघीस करायला बसले आहे? पुन्हा नकार पाठवला.

थर्झा हल्ली मंगळवारी कोंबड्यांबद्दल बोलते. अंडी किती, खुडूक कोण बसली. शेवटच्या प्रकरणाचं एक पान सुधारून बॉस्टनला पाठवायचं होतं, त्यासाठी मला थोडं हवं होतं. खोक्यात आतून काय घातलं होतं, एवढंच. नुसत्या लाकडात कुणी आपलं मूल ठेवणार नाही.

“आठवत नाही,” थर्झा म्हणाली.

खिडकीच्या काचेला कुठल्या कोपऱ्यात तडा होता ते जिला आठवतं, तिला हे आठवत नाही. जाऊ दे म्हटलं. मग मला असं काही सुचलं की मीच चकित झाले. थर्झाचा एक जुना निळा फ्लॅनेलचा परकर आहे. त्याची एक पट्टी गेलेली आणि त्या जागी तपकिरी कापड जोडलेलं. दर सोमवारी तो आमच्या दोरीवर फडफडतो. मी तिला दोनदा नवा आणून दिला, पण हा काही ती टाकत नाही. तो परकर मी गोष्टीतल्या बाईला दिला. ती अंगावरच्या परकराची पट्टी फाडते आणि खोक्यात अंथरते. लिहिताना माझेच डोळे भरून आले. अशा गोष्टी कुणी सांगून सुचत नाहीत.

७ एप्रिल, गुरुवार

मी जिंकले. मंगळवारी छपाईची कच्ची पानं आली, आणि पहिल्या पानावर ‘अडेला प्रुइट’, फक्त एवढंच. ना मिसेस, ना हॅस्केल. तीन महिने भांडले त्याचं चीज झालं. ऑरिनने पान हातात घेऊन बोटाने अक्षरं चाचपली. “छान दिसतंय,” म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मान्य करते.

पण आनंद टिकू देतील तर ना. थर्झाची नजर शुद्धलेखनाला तेज, म्हणून पानं तिच्याकडे वाचायला दिली होती. आज परत मिळाली. शेवटच्या प्रकरणात प्रत्येक ‘फीबी’वर पेन्सिलीची बारीक रेघ आणि वर ‘हेस्टर’. एक्केचाळीस ठिकाणी. मी मोजले.

माझा संताप संताप झाला. “मी माझ्या नावासाठी बॉस्टनशी भांडले ते काय घरातल्यांनी माझ्या पुस्तकातली नावं परस्पर बदलावीत म्हणून?”

“तू भांडलीस. मी भांडत नाही अडेला, मागतेय.”

“पण कारण काय? कारण दे मला.”

तिने कारण दिलं नाही. पानं चाळून परकराच्या जागी बोट ठेवलं. “हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. सुचलं.”

“आपोआप?”

“आपोआप.”

तिने टेबलाची कड धरली. खरं सांगायचं तर इतक्या रागातही मला बरं वाटलं. बॉस्टनच्या कुठल्याही समीक्षकाकडून मला याहून मोठी दाद मिळणार नाही.

रबर घेऊन बसले आणि एक्केचाळीसही हेस्टर खोडून काढले. संध्याकाळी ऑरिनने ते प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर पानं नीट जुळवून ठेवली.

“फीबी आमच्या आईचं नाव.”

“माहीत आहे. थर्झानेच शेजारणीला सुचवलं असेल. अडलेल्या बाईला कुणीतरी नाव सुचवतंच.”

“ते काढ, अडेला.”

ऑरिनने मला आजवर कधी हुकूम केला नव्हता. मी म्हटलं, आधी बॉस्टनचे पुरुष, आता घरातला. माझं पुस्तक मीच लिहिलं आहे ना?  सफरचंदाची गोड ‘पाय’ त्याने तशीच ठेवली, त्याची आवडती असून. थर्झाचा दिवा आधीच विझला होता. दोघं भावंडं एकसारखी, कधी काय मनावर घेतील सांगता येत नाही. उद्या सकाळी मी स्वतः पोस्टात जाणार. कुणाच्या हाती पाकीट देणार नाही.

१२ सप्टेंबर, सोमवार

पुस्तक आलं. हिरवा कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. माझं नाव शीर्षकाच्या खाली आणि पाठीवरही. मी ते दिवाणखान्यात असं ठेवलंय की दारातून येणाऱ्याला पाठ दिसावी.

थर्झाला पहिली प्रत दिली. आत लिहिलं, ‘थर्झाला, मंगळवारांबद्दल’. तिने हात एप्रनला पुसले आणि घेतली. उघडली नाही. ते जरा लागलं मला.

२६ सप्टेंबर, सोमवार

चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा मिसेस बॅस्कम आज आल्या, तेही सोमवारी. सोमवारी या गावात कुणी कुणाकडे जात नाही, ज्याच्या त्याच्या अंगणात धुणं असतं. आल्या त्या पुढच्या दाराने नाही, थेट मागच्या अंगणात.

“पुस्तक वाचलं हो तुमचं,” त्या म्हणाल्या. “मंडळातल्या सगळ्याजणींनी वाचलं. शेवटचं प्रकरण तर दोन-दोनदा.”

“आवडलं?”

“त्या परकराचं वर्णन काय केलंय. निळा, तपकिरी पट्टीचा. अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो.”

“उभा काय राहतो, लटकतोय की समोर,” मी हसून दोरीकडे बोट केलं. “तिथूनच उचललाय.”

मिसेस बॅस्कमनी दोरीकडे पाहिलं. सावकाश, जणू कापड विकत घ्यायला आल्या आहेत. “असं वाटलंच होतं आम्हाला,” म्हणाल्या. कॉफीला थांबा म्हटलं तर थांबल्या नाहीत.

मला फार आनंद झाला. या गावात निरीक्षणाची किंमत कळणारं एक तरी माणूस निघालं. थर्झा पिळे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला म्हटलं, “ऐकलंस? तुझा परकर प्रसिद्ध झाला.” तिने पिळ्यांची टोपली खाली ठेवली आणि वर गेली. अर्धं धुणं मला वाळत घालावं लागलं.

२ ऑक्टोबर, रविवार

रागाने टाक इतका दाबतेय की कागद फाटतोय.

थर्झा वीस वर्षं रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते. अर्ध्या गावाने प्रार्थना तिच्याकडून पाठ केली आहे. आज ती गेली तर तिच्या खुर्चीवर मिस क्रल बसलेली. “तुम्ही आता विश्रांती घ्या, मिस हॅस्केल,” असं म्हणे मंडळाने ठरवलं. मुलं ‘थर्झाआंटी’ म्हणून धावली, त्यांना मागे ओढलं. थर्झा शेवटच्या बाकावर एकटी बसली. तिच्या बाकावर दुसरं कुणीही आलं नाही.

मला कळत नाही असं त्यांना वाटतं का? माझं नाव बॉस्टनच्या पुस्तकावर आलं, ते यांच्या डोळ्यांत खुपतंय. मला तोंडावर बोलायची त्यांची छाती नाही, म्हणून माझ्या बिचाऱ्या नणंदेवर सूड. जिने कुणाचं काही वाकडं केलं नाही, तिच्यावर.

उपासना संपल्यावर पाद्रीबाबांना गाठलं. ते खोकले आणि ‘कोवळ्या मनांवर होणारे परिणाम’ असं काहीतरी बोलले.

“कशाचे परिणाम? माझ्या पुस्तकात असा एक शब्द दाखवा जो तुमच्या व्यासपीठावरून वाचता येणार नाही.”

“प्रश्न पुस्तकाचा नाही, मिसेस हॅस्केल. प्रश्न—”

“प्रुइट,” मी म्हटलं. “पुस्तक लिहिणारीचं नाव प्रुइट आहे.”

ते पुढे काय म्हणणार होते, ते राहूनच गेलं. पण त्यांची चांगली जिरवली. घरी येताना थर्झाला म्हटलं, तुझ्यासाठी मी या सगळ्यांशी भांडेन. ती म्हणाली, “नको, अडेला. आता तू काही करू नकोस.”

१० ऑक्टोबर, सोमवार

निळा परकर आज दोरीवर नव्हता. चुलीमागे खुर्चीवर वाळत होता. मी म्हटलं, लोकांना घाबरून लपवतेस? उद्या मुद्दाम वेशीवर टांगू. थर्झाने त्याची घडी केली, अजून ओला होता तरी, आणि सांगितलं की ती परवा डाकोटाला चालली आहे. तिथली जमीन अजून तिच्याच नावावर आहे, एक नॉर्वेजियन कुटुंब कसतं. ते तिला एक खोली देणार आहेत.

“किती दिवस?”

“बघू.”

“आणि तिथे आहे काय? ते ढेकळांचं घर तर केव्हाच पडलं.”

“खिडकीखाली गवत माजलं असेल. कुणीतरी कापायला हवं.”

“कुठल्या खिडकीखाली? खिडकी उरली आहे का?”

“खिडकी गेली म्हणून खालची जमीन कुठे जात नाही,” थर्झा म्हणाली.

या बोलण्याला काही अर्थ आहे का? पुढच्या महिन्यात राजधानीतल्या महिला मंडळात माझं भाषण आहे, ‘लेखिका आणि तिचं नाव’ या विषयावर. घर कोण बघणार? चौदा वर्षांत मी तिला कधी दुखवलं नाही, आणि माझ्या आयुष्यातले चार दिवस बरे आले तर ही निघाली. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “इस्त्रीच्या तळाला मेण लावत जा, चिकटत नाही.”

१२ ऑक्टोबर, बुधवार

गेली. ऑरिन तिला स्टेशनवर सोडून आला. वखारीत गेलाच नाही. अंगणात जाऊन धुण्याची दोरी सोडली, हाताला गुंडाळत बसला. मी दोनदा हाक मारली.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

मेण लावूनही चिकटते. दोन शर्ट डागले, अंगठा भाजला. आदल्या दिवशी पाणी शिंपडून कपडे गुंडाळून ठेवायचे असतात, ते मला ठाऊकच नव्हतं. थर्झाचं इस्त्रीचं जुनं पांघरूण उचललं तर घडीत माझं पुस्तक निघालं. तिची प्रत.

उघडलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. शेवटच्या प्रकरणात भोकं. लहान, चौकोनी, कडा स्वच्छ. भरतकामाच्या कात्रीशिवाय इतकं नीट कापता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द काढलेला. मी मोजले, एक्केचाळीस. कागदाचे तुकडे कुठेही सापडले नाहीत. पांघरुणात नाहीत, केरात नाहीत, चुलीतही नाहीत. म्हणजे सोबत नेले.

राग आला, भयंकर आला. कापताना मागच्या पानांवरची माझी वाक्यं लंगडी झाली. पुस्तकाशी कुणी असं वागतं? तेही कुठल्या तरी शेजारणीच्या नऊ दिवसांच्या पोरीच्या नावासाठी? थर्झाला खरमरीत पत्र लिहायला बसले. लिहिलं, “त्या शेजारणीला स्वतःला इतकं लागलं नसतं, जितकं तुला.” आणि तिथे तिचं नाव घालावं म्हणून अडले. पुस्तकात मी तिला मार्था केलं होतं, ते माझं. खरं नाव काय होतं?

मंगळवारच्या सगळ्या वह्या काढल्या. तीन वर्षांच्या, अकरा वह्या. गाईचं नाव आहे, बर्डी. दुकानदाराचं आहे, घोड्याचं आहे. तिला मात्र प्रत्येक पानावर नुसतं ‘शेजारीण’. थर्झाने सांगितलं नव्हतं, आणि मी, नावावरून सगळ्या जगाशी भांडणारी मी, एकदाही विचारलं नव्हतं.

ऑरिन जेवायला आला. टेबलावर वह्या पसरलेल्या, चूल विझत आलेली, स्वयंपाकाचा पत्ता नाही. तो टोपी काढून उभा राहिला.

“ऑरिन, डाकोटातली ती शेजारीण. तिचं नाव काय होतं?”

त्याने आधी भोकं पडलेल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मी गेलो होतो तिथे एकदा, उन्हाळ्यात,” तो म्हणाला. “थर्झाच्या घरापासून चार मैलांत कुणी राहत नव्हतं, अडेला.”

त्याने पाव कापून घेतला आणि उभ्यानेच खाल्ला.  तो गेल्यावर मी लिहिलेलं पत्र चुलीत टाकलं. मग पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटून पाहिलं. माझ्या नावाला तिने कुठेही हात लावलेला नाही.